समुद्राकडचं झाड

"आई, याले तहान लागू देजो. माती बोटानं उकरून पाहायची, कोरडी लागली तरच पानी टाकायचं. आपल्या धानावानी याले पान्यात उभं नोको करजो."

हे खुमेंद्रचे शब्द. गोंदियाजवळच्या मुर्रीत, आमच्या घरी, अंगणात गुडघ्यांवर बसून तो खड्ड्यात नदीची रेती भरत होता. माझा एकुलता एक मुलगा. त्याच्यामागं संघदीप उभा होता, रोपाची कुंडी पोटाशी धरून. संघदीप जवळच्या बिरसी गावचा, खुमेंद्रचा मित्र. मालवणच्या बाजूला समुद्राकाठी एका हॉटेलची मोठी बाग आहे, तिथं दोघं माळीकाम करायचे. रोप त्यांनी तिथूनच आणलं होतं, रेल्वेत आळीपाळीनं मांडीवर धरून.

असलं झाड मी कधी पाहिलं नव्हतं. सरळ सोट खोड, आणि त्याला चारी बाजूंनी आडव्या फांद्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. एक घेर झाला की थोडं वर दुसरा घेर, त्याच्यावर तिसरा. पानं म्हणावीत तर पानं नाहीत, मऊ हिरवी सुतं. खुमेंद्र त्या घेरांना मजले म्हणायचा. झाडाचं नाव अरोकेरिया. मला ते नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून मी 'समुद्राकडचं झाड' म्हणायची.

शेजारची शामकला कुंपणावरून डोकावली. "हे तं किरिस्तावाचं झाड होय वो फुलवंता! तुयशीले असा सोबती आनला का?"

"काकू, झाडाले जात नाही राहत," खुमेंद्र हसून म्हणाला. "खारी हवा, वारा, ऊन, सारं सोसते हे. बारा महिने हिरवं. फक्त पाय ओले नाही पायजे त्याले."

"अन् नाताळाचे पाहुने आले तं तुमच्याच घरी पाठवतो, काकू," संघदीप म्हणाला. "चहा ठेवून राहजा."

शामकला "मेले पोट्टे!" म्हणत आत गेली. मग खुमेंद्रनं सगळ्यांत खालची फांदी बोटानं उचलून मला दाखवली. "हे सांभाळजो, आई. खालची फांदी गेली तं परत नाही येत. वरून केवढंही वाढलं तरी खालचा मजला गेला तो गेलाच."

संघदीप त्या दिवशी ओसरीवर जेवला. मी त्याला पोटभर वाढलं. आत ये असं मी म्हटलं नाही आणि त्यानंही उंबऱ्याकडं पाहिलं नाही. आमच्याकडं तसंच चालत आलेलं होतं.

दोन वर्षं झाड बरं चाललं. उन्हाळ्यात मी त्याला जुन्या लुगड्याची सावली केली. खुमेंद्रचा फोन आला की पहिला प्रश्न झाडाचा असायचा, मग ओमेश्वरीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, आणि शेवटी आम्हा म्हाताऱ्यांचा. यांनी, खुमेंद्रच्या बाबूजींनी, झाडाभोवती मातीचा धुरा, म्हणजे बांध, घातला होता. सारा जन्म धानाच्या बांधीत गेलेला माणूस. हाताला फावडं लागलं की त्यांच्याकडून धुरा आपोआप होतो. पाणी वाहून जाऊ न देणं हेच त्यांना ठाऊक.

मग २००९ ची दिवाळी आली आणि खुमेंद्र आला नाही.

"सीझन हाय, आई. मालक सोडत नाही," एवढंच तो फोनवर म्हणाला. त्याचा आवाज मला वेगळा वाटला. त्यामागं काहीतरी धडधडत होतं, मशीन चालल्यासारखं. मी विचारलं तर म्हणाला, "बागेचा पंप होय."

मी काही मोठी साधना करणारी बाई नाही. पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, महादेवाला बेल, सोमवार आणि एकादशी, एवढंच माझं. पण त्या पंपाच्या आवाजानं माझ्या छातीत काहीतरी घर केलं. पाडव्याच्या सकाळी मी देवापुढं हात जोडले आणि नेम धरला: खुमेंद्र घरी येईपर्यंत, तुळशीनंतर रोज त्याच्या नावानं त्याच्या झाडाला एक गडवा पाणी घालीन. ते घातल्याशिवाय अन्नाला शिवणार नाही.

माती उकरून पाहायची हे मला आठवत होतं. पण गडवाभर पाण्यानं काय होतं? आणि नेम हा माती पाहून करायचा नसतो.

धान कापणीला आलं होतं. सकाळी गारवा असायचा. अशाच एका दिवशी शामकला धावत आली. "टीव्हीवर दाखवून राहिले वो, कोकनात वादळ आलं. होड्या गेल्या म्हने."

आम्ही सगळे तिच्या घरी जाऊन उभे राहिलो. पडद्यावर नारळाची झाडं जमिनीला टेकत होती. पाणी काळं होतं. मी समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि पाहिला तो असा. यांनी मोबाइल काढून नंबर लावला. एक बाई हिंदीत सांगत होती की हा नंबर संपर्काबाहेर आहे. यांनी पुन्हा लावला. ती पुन्हा तेच म्हणाली, तशाच गोड आवाजात.

"तो बागेत हाय," मी म्हणाले. "बाग जमिनीवर हाय. होड्या पान्यावर राहतात."

ओमेश्वरीनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

दुसऱ्या सकाळी मी झाडाला पाणी घालायला वाकले तर खालच्या मजल्याची एक फांदी पिवळी दिसली. बुडाशी तपकिरी. मी तिला नुसता हात लावला. ओढलं नाही, वाकवलं नाही, आणि ती खोडापासून सुटून माझ्या हातात आली.

मी ती पदराखाली झाकली. कोणी पाहिलं तर? ओमेश्वरीनं पाहिलं तर ती काय समजेल? मी घराच्या मागं गेले, गोठ्याशेजारी तणशीचा, धानाच्या पेंढ्याचा, ढीग होता त्यात हात खुपसला आणि फांदी आत ढकलली. आत काहीतरी टोचलं. मी ते बाहेर काढलं.

ती दुसरी फांदी होती. तशीच पिवळी, बुडाशी तशीच तपकिरी. सुतं वाळून गेली होती. माझ्याआधी कोणीतरी ती तिथं लपवली होती.

दिवसभर मी घरातल्या माणसांकडं पाहत राहिले. विचारायची हिंमत होईना. विचारलं की ते खरं होणार होतं. दुपारी मी पोथी उघडून देवघरात बसले, पण वाचलं नाही. मागच्या दाराची कडी वाजली तशी उठले.

ओमेश्वरी झाडापाशी होती. भरलेली बादली तिनं दोन्ही हातांनी तिरपी केली होती आणि पाणी धुऱ्याच्या आत भसाभस पडत होतं.

"काय करून राहिली, ओमेश्वरी?"

बादली तिच्या हातून सुटली.

"सुकून राहिलं न, आई. फांद्या गळून राहिल्या. मले वाटलं पानी कमी पडून राहिलं."

"कवापासून टाकतेस?"

"दिवाळीपासून थोडं थोडं. फांदी गळली तवापासून बादली. तुम्ही पोथीले बसता तवा."

"अन् तनशीत फांदी?"

तिनं मान खाली घातली. "तुम्हाले दिसली असती तं तुम्ही घाबरल्या असत्या."

मला हसू यावं की रडू, तेच कळेना. "पन तुले कायची एवढी भीती? वादळ पान्यावर आलं. तो बागेत..."

"बागेत नाही जी, आई." ती तिथंच चिखलात बसली. "होडीवर गेले ते."

मी ऐकत राहिले आणि ती तुटक तुटक सांगत राहिली. पावसाळ्यात हॉटेल बंद होतं तेव्हा मालकानं बागेतली माणसं कमी केली. मग संघदीप आणि खुमेंद्र दोघं एका मोठ्या होडीवर जाळं ओढायला जाऊ लागले. दिवसचे दिवस समुद्रात राहायचे. फोनमागं धडधडत होतं ते होडीचं इंजिन. दिवाळीलाही तो होडीवरच होता.

"मले काऊन नाही सांगतलं?"

"शपथ घातली होती त्यायनं. म्हनत, आईले मासोळीचं सांगू नोको, ते जेवन टाकून देवापुढं बसन."

पोरानं समुद्र माझ्यापासून लपवला होता, तो माझ्या उपासतापासांना भिऊन. मी तुळशीच्या ओट्याला हात टेकला.

तेवढ्यात हे कापणीवरून जेवायला आले. आम्हा दोघींना चिखलात पाहून त्यांनी डोक्याचं फडकं काढलं. ओमेश्वरीनं त्यांनाही सांगितलं. ते धुऱ्याच्या आत साचलेल्या पाण्याकडं पाहत राहिले.

"एवढं पानी कुठून आलं?"

"मी सकाळी गडवाभर टाकतो," मी म्हणाले.

"मी दुपारी बादली," ओमेश्वरी म्हणाली.

त्यांनी फडक्यानं तोंड पुसलं. "अन् मी सांजच्याले गुंडभर पानी टाकून राहिलो," ते म्हणाले. "पोट्टा दिवाळीले आला नाही, तं मनलं झाडाले तरी..."

त्यांनी फावडं आणलं आणि एका बाजूनं धुरा फोडला. पाणी संथपणे बाहेर आलं. मग त्यांनी खोडाजवळ हात घालून मूठभर माती काढली, नाकाशी नेली आणि माझ्यापुढं धरली. नासल्या भाताचा वास येत होता.

"मूळ कुजून राहिलं. धान असतं तं लोंबीनं वाकलं असतं." त्यांनी हात झटकला. "आता याले एक थेंब नाही द्यायचा. महिनाभर कोनी नाही."

"अन् मा नेम?"

"बदलव नेम."

"देवाशी बोललेलं बदलवता येत नाही जी. खुमेंद्र घरी येईपर्यंत म्हनलं हाय मी."

"खुमेंद्रची माय, झाड वाचवाचं हाय का नेम?"

"मले पोरगा वाचवाचा हाय."

ते फावडं तिथंच टाकून मोबाइल घेऊन बाहेर गेले. गोड आवाजाची ती बाई मला अंगणातून ऐकू येत होती.

दुसऱ्या सकाळी तुळशीला पाणी घालून मी भरलेला गडवा घेऊन झाडापुढं उभी राहिले. घातलं तर मुळं कुजणार. नाही घातलं तर मी शब्द मोडणार, आणि तेही तो पाण्यात असताना. दोन्हीकडून खुमेंद्रच जात होता. वरचा शेंडा अजून हिरवा होता, त्याच्याकडं पाहत मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग गडवा तसाच भरलेला तुळशीच्या ओट्यावर ठेवला आणि आत आले. ओमेश्वरीनं ताट वाढलं. मी ते सरकवलं.

पाणी घातल्याशिवाय अन्न नाही, असा नेम होता. पाणी घातलं नाही, तर अन्न नको. मला वाटलं, यात देवालाही बोलायला जागा उरली नाही.

त्या दिवशी जेवले नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तीर्थाचा घोट तेवढा घ्यायची. उठलं की भिंत हलायची. ओमेश्वरी रडून सांगायची, हे रागावून सांगायचे, आणि शामकला कुंपणावरून ओरडायची, "अवं, देव का तुयं ताट मोजून राहिला?" डोळे मिटले की काळं पाणी दिसायचं आणि त्यात हिरवी सुतं तरंगायची.

अखेर फोन आला. तिकडच्या हॉटेलातला स्वयंपाकी बोलत होता. यांनी आवाज मोठा केला आणि आम्ही तिघंही त्या एवढ्याशा डबीवर वाकलो.

त्यांची होडी फुटली होती. त्यावरची तिकडची माणसं दुसऱ्या होडीनं उचलली आणि ती आपापल्या गावी पोहोचली. बाहेरची दोनच मुलं होती, आपली. ती वेगळीकडं वाहत गेली. त्यांतला एक जण वर उत्तरेकडं दूर कोळ्यांना सापडला आणि आता रत्नागिरीच्या सरकारी दवाखान्यात आहे. डोक्याला मार, चेहरा सुजलेला, ताप उतरत नाही. नाव सांगण्याइतकी शुद्ध नाही. अंगात बागेचा हिरवा शर्ट होता, हॉटेलचं नाव असलेला.

"दोघांकडंही तोच शर्ट हो काका," स्वयंपाकी म्हणाला. "तापात 'मले पानी दे वो माय' असं म्हणतोय म्हणे. तिकडं असं कोण बोलतंय? म्हणजे तुमच्यातलाच एक. पण कोण ते कळलेलं नाही. मी काही तिथं गेलेलो नाही."

"अन् दुसरा?" यांनी विचारलं.

"शोधतायत," तो म्हणाला.

मी देवघरात गेले. हात जोडले आणि म्हणाले, देवा, तो माझाच असू दे. म्हटलं आणि थबकले. माझा तिथं असायचा तर संघदीप कुठं असायचा? मी हात सोडले, पुन्हा जोडले. काय मागावं तेच कळेना. लहानपणापासून मी देवापुढं बसत आले, पण देवाची अशी भीती कधी वाटली नव्हती.

यांनी संघदीपच्या घरी निरोप पाठवला. दुपारी त्याची आई, अन्नपूर्णाबाई, ऑटोनं आली. मी तिला याआधी एकदाच पाहिलं होतं, मुलांना गाडीत बसवून देताना. उंच, काटक बाई. हातात फडक्यात बांधलेला डबा. ती अंगणात उभी राहिली, ओसरीवर चढली नाही.

"भाऊ, तुम्ही जाऊन राहिले न?"

"उद्याच्या सकाळच्या गाडीनं," हे म्हणाले. "कोल्हापूरपर्यंत रेल्वे, मंग यष्टी. तुम्ही येता का?"

"कशी येऊ? संघदीपच्या बापाले पावसाळ्यात लकवा मारला. कूस बदलवाले मीच लागतो." ती माझ्याकडं वळली. "बाई, तुम्ही जा. पोट्ट्याच्या उशाशी बाईमानूस पायजे."

"हिले कुठं नेऊ?" हे म्हणाले. "उभं राहवत नाही हिच्यानं. अन्न सोडून बसली."

मग त्यांनीच तिला सगळं सांगितलं, नेम, झाड, पाणी. मला वाटलं ती हसेल. तिनं झाडाकडं पाहिलं, फुटलेल्या धुऱ्याकडं पाहिलं आणि ओसरीच्या पायरीवर बसली.

"बाई, मले तुमच्या नेमातलं नाही समजत. आमच्यात ते नाही. पन उपाशी बाई कोनाले उचलन? तुम्हीच पडल्या तं भाऊ त्या पोट्ट्याले पाहन का तुम्हाले?"

"मी मोडला नेम, अन् तिकडं खुमेंद्रले काही झालं तं?"

"अन् नाही मोडला, अन् काही झालं तं?"

ती डब्याचं फडकं सोडवत होती, पण गाठ सुटत नव्हती.

"मले भेव दुसऱ्याच गोष्टीचं हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथं मा संघदीप असन समजा. तुम्ही जासान. तो डोये उघडन. तुम्ही त्याच्या तोंडात खुमेंद्रले शोधसान, अन् खुमेंद्र नसन. तुमचं तोंड उतरन, बाई. अन् मा पोट्ट्याले समजन, की मी वाचलो म्हनून हे बाई रडून राहिली."

"असं नोको बोलू, अन्नपूर्णाबाई."

"कायले नोको? मी गेली असती तं मायंही तोंड उतरलं असतं, खुमेंद्रले पाहून. मी खोटं नाही बोलत." तिनं डोळे पुसले नाहीत. ते वाहू दिले. "म्हनून म्हनतो. जो असन त्याले पयल्यांदा तुमचं तोंड दिसन. त्यात दुसरा पोरगा दिसू नोको देजा. एवढंच द्या मले."

वरून बिरसीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घरघर करत फिरून गेलं. रोज फिरतं ते.

"नाही दिसू देनार," मी म्हणाले. "महादेवाची..."

"देवाची शपथ नोको," तिनं मला थांबवलं. "त्याचं अन् तुमचं आधीच लय चालू हाय. मले सांगा."

मी तिच्याकडं पाहिलं. "तुम्हाले सांगतो, अन्नपूर्णाबाई. जो असन, त्याची माय होऊन बसन मी. त्याले माया तोंडावर दुसरं कोनी नाही दिसनार."

गाठ सुटली. डब्यात तांदळाच्या भाकरी होत्या आणि लाखोरीच्या डाळीचं घट्ट वरण. वाटेसाठी आणलेलं, जो कोणी जाईल त्याच्यासाठी. तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं धरला. ओसरीत ओमेश्वरी उभी होती, हे उभे होते, कुंपणापाशी शामकला होती. तुळशीच्या ओट्यावर भरलेला गडवा होता. मी तुकडा घेतला.

घास तोंडात ठेवला तेव्हा कानात वारा भरल्यासारखं झालं. आत्ता फोन वाजेल, असं वाटलं. आत्ता कोणीतरी सांगेल. मी चावलं. गिळलं. फोन वाजला नाही. अन्नपूर्णाबाईनं दुसरा तुकडा मोडला. तोही मी खाल्ला. काही झालं नाही, आणि ते काही न होणं भयानक होतं, कारण आता माझ्या हातात धरून ठेवायला काहीच राहिलं नव्हतं.

"आत या न, अन्नपूर्णाबाई," मी म्हणाले. "पानी तरी घ्या."

"येईन," ती उठत म्हणाली. "दोघाचीही खबर आली की येईन. आता घरी तो मानूस एकटा हाय."

सकाळी उजाडल्यावर आम्ही निघालो. ओमेश्वरी घरी राहणार होती. जनावरं होती, फोनजवळ कोणीतरी हवं होतं, आणि संघदीपच्या वडिलांकडं एक चक्कर मारायची होती. ती पाया पडली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद काय द्यावा ते न सुचून हात तसाच ठेवला. पिशवीत दोन लुगडी, यांचं धोतर, चादर, डबा. पोरासाठी एक शर्ट घ्यायचा होता. खुमेंद्रच्या पेटीतला घेतला, मग परत ठेवला, कारण संघदीप त्याच्याहून अंगानं भरलेला होता. शेवटी यांचा सैल सदरा घेतला. तो दोघांनाही आला असता.

हे ऑटो घेऊन आले. मी मागं बसले, पिशवी मांडीवर. ऑटोवाल्याच्या डोक्यावर लहानसा आरसा होता आणि त्यात माझं अर्धं तोंड दिसत होतं. मुर्रीची घरं मागं पडली. कापलेल्या धानाच्या बांध्या आल्या, मग गोंदियाची दुकानं आली, शटर अजून बंद. यांचे डोळे बाहेर होते.

मी ओठ हलवले. आवाज काढला नाही. 'खुमेंद्र' म्हटलं आणि आरशात पाहिलं. मग 'संघदीप' म्हटलं आणि पाहिलं. दोन्ही नावांना तोंड सारखं राहिलं नव्हतं. मी पदरानं डोळे नीट कोरडे केले, सरळ बसले आणि पुन्हा म्हटलं. संघदीप. संघदीप. स्टेशन येईपर्यंत म्हणत राहिले.